‘मुक्काम कशाला?’ : गोदाकाठकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

गोदाकाठकर, नमस्कार.

नाशिकहून खोपोलीच्या इमॅजिकासारख्या थीम पार्कला वर्षातून बरेचदा, पण एक-दोन रात्रींपुरतंच जाणाऱ्या कुटुंबांनी टाइमशेअर (एकदा पैसे भरून पुढची काही वर्षं दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टात राहण्याचा हक्क) कसा निवडावा, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांना शोधत बसायला नको म्हणून ती इथेच देते: ‘ताई, लेख टाइमशेअर विकणाऱ्याने लिहिल्यासारखा वाटला. खोपोली म्हणजे काय लंडन आहे का? सकाळी निघा, रात्री घरी या, मुक्काम कशाला? चार लाखांवरचं व्याज कुठे धरलंय? शनिवारची खोली कधी कुणाला मिळाली आहे का? सीझनच्या रंगांचं अर्धवट लिहिलंय. अमेरिकेत माझ्या भावाकडे डिस्नेचं आहे, तिथे असले नियम नसतात. आणि वार्षिक वर्गणीवरचा जीएसटी शेवटच्या ओळीत लपवलाय.’

मतभेद असू द्या, त्याचं काही नाही. पण पहिल्याच वाक्यात माणसाच्या हेतूवर बोट ठेवायचं आणि मग प्रश्न विचारायचे, ही कुठली रीत? नाशिकला शरणपूर रोडवरच्या ऑफिसात बसून लोकांचे मेंबरशिपचे करार ओळीनं ओळ वाचून देणं हा माझा धंदा आहे. कमिशन विकणाऱ्याला मिळतं. मला वाचण्याची फी मिळते, आणि ती घेऊन बहुतेक वेळा मी ‘घेऊ नका’ असंच सांगते. वर्षाला चारच्या खाली रात्री होणार असतील तर सरळ हॉटेल करा, हे लेखातही ठळक अक्षरांत आहे. तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल.

जीएसटीचं मात्र मान्य. तो वर, हिशोबाच्या जागीच हवा होता. आता तसा केला आहे. ‘लपवलाय’ हे मान्य नाही. शेवटच्या ओळीत का होईना, १८ टक्के हा आकडा तिथे होताच.

आता तुमचं ते लाडकं वाक्य. सकाळी निघा, रात्री घरी या.

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला आहे. नाशिकहून तिकडे जायच्या वाटा मोजून तीन. एक, कसारा उतरून शहापूर, तिथून मुरबाड, कर्जत, खोपोली. दुसरी, भिवंडीपर्यंत जाऊन मुंब्रा बायपासनं कळंबोली आणि मग एक्सप्रेसवे. तिसरी, सिन्नर-संगमनेर-चाकण-तळेगाव करत लोणावळ्यावरून खाली. चाकणच्या चौकात ज्यानं एकदा क्लच दाबून ठेवलाय तो तिसऱ्या वाटेला पुन्हा जात नाही. मुंब्रा बायपासवर कंटेनरची रांग लागली की वेळेचा भरवसा संपला. उरली कर्जतची. अंतर पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर, मध्ये एक चहा धरून चार ते साडेचार तास. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाल्यापासून इगतपुरीच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून शहापूरकडे उतरता येतं आणि कसारा घाट टळतो. पण मुरबाड-कर्जत रस्ता होता तिथेच आहे. गावं, गतिरोधक, म्हशी सगळं जागच्या जागी. पंचवटी एक्सप्रेसनं कल्याण आणि तिथून खोपोली लोकल असाही एक मार्ग लोक सुचवतात. त्यात पार्कच्या दारात उभं राहीपर्यंत दुपार होते.

म्हणजे गेट उघडताना हजर राहायचं तर पहाटे पाच-साडेपाचला नाशिकचा द्वारका चौक सोडायला हवा. मुलांना साडेचारला उठवायला हवं. इथवर ठीक, लोक उठतात. बिघडतं ते परतीला. थीम पार्कात रांगा सर्वांत लहान असतात त्या पहिल्या तासात आणि शेवटच्या तासात. दार उघडल्या उघडल्या मागच्या टोकाच्या मोठ्या राइडवर गेलात तर नायट्रो या रोलर कोस्टरला दोनदा बसून होतं. साडेबारानंतर त्याच रांगेत पाऊण तास. शेवटच्या तासातही तेच, कारण तुमच्यासारखे ‘रात्री घरी’वाले पाचलाच पार्किंगकडे निघालेले असतात. एका दिवसाच्या फेरीत घरी वेळेत पोचायचं तर शेवटचा तास सोडा, आणि शेवटचा तास हवा तर मध्यरात्रीनंतर घरी या. तिकिटाचे पैसे दोन्हीकडे पूर्णच.

आणि मध्यरात्री गाडी कोण चालवणार? जो दिवसभर उन्हात रांगेत उभा होता, तीन-चार राइडवर उलटापालटा झाला, संध्याकाळी मुलांसोबत पोटभर जेवला, तोच. समृद्धीचा सरळ रस्ता अशा वेळी घाटापेक्षा वाईट. घाटात वळणं तरी जागं ठेवतात.

वॉटर पार्क वेगळा, त्याचं तिकीट वेगळं, आणि थीम पार्क व वॉटर पार्क एका दिवसात उरकणारी माणसं मला तरी भेटलेली नाहीत. पाण्यात नायलॉनसारख्या कापडाचेच कपडे लागतात. ते ओले कपडे, दमून गेलेली मुलं आणि दोनशे किलोमीटर, हे गणित तुम्हीच घालून बघा. पावसाळ्यात विजा आणि जोराचा पाऊस आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम बदलता येतो, नाहीतर छत्रीखाली उभं राहून चार वाजायची वाट बघायची.

हो, शिर्डीचं म्हणत असाल तर तुमचं बरोबर आहे. नव्वदेक किलोमीटर, वेट अँड जॉय किंवा साई तीर्थ, सकाळी जाऊन दिवेलागणीला घरी. तिथे मुक्काम कशाला! पण लेख शिर्डीवर नव्हताच.

मुक्काम लागतो, हे एकदा मानलं की खरा प्रश्न येतो, आणि लेख त्यावरच होता. विकणारा तुम्हाला रिसॉर्ट दाखवतो: तलाव, बाल्कनी, नाश्त्याचं टेबल. छोट्या फेऱ्या करणाऱ्यानं बघायचा तो बुकिंगचा नियम. फक्त एकच रात्र बुक करता येते का?

याचं कारण आकड्यांत आहे. नेहमीच्या योजनेत वर्षाला सात रात्री असतात. उदाहरणादाखल धरलेला हिशोब पुन्हा देते: खरेदीची किंमत सगळं धरून ४ लाख, मुदत २५ वर्षं, म्हणजे वर्षाला १६,००० रुपये. वार्षिक वर्गणी १८,००० धरली, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २१,२४०. बेरीज ३७,२४०. सातही रात्री वापरल्या तर रात्र ५,३२० ला पडते. आता करारात ‘किमान दोन रात्री’ असेल तर सातातून दोन-दोन रात्रींच्या तीन फेऱ्या होतात आणि एक रात्र उरते. ती पुढच्या वर्षी नेता आली नाही तर जळाली, आणि भाव ६,२०० च्या वर गेला. किमान तीन असतील तर तीन-तीन रात्रींच्या फेऱ्या दोनच, तरी एक उरतेच. चारच रात्री वापरल्यात तर ९,३१०. एवढ्यात चांगलं हॉटेल नाश्त्यासकट मिळतं, म्हणून वर म्हटलं की चारच्या खाली असाल तर या फंदात पडू नका.

वर्गणीचा वाटा खरेदीच्या वाट्याहून मोठा आहे, हेही त्या हिशोबात दिसेल. खरेदीची रक्कम आज कळते. वर्गणी दरवर्षी वाढते. ती कशानुसार वाढेल, महागाईच्या निर्देशांकाला बांधलेली आहे की कंपनीच्या मर्जीवर, ते कलम सही करण्याआधी शोधा. आणि वर्गणी थकली की बुकिंगचं दार बंद होतं. तुमच्या रात्री मात्र तशाच वाया जाऊ शकतात.

एक रात्र मिळत असेल तर ती कशी वापरायची तेही सांगते, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. चेक-इन दुपारी दोनला आणि चेक-आउट सकाळी दहाला, हा साधारण प्रघात. ‘आधी खोली, मग पार्क’ केलंत तर दुपारी पोचणार, रात्री झोपणार, दुसरा दिवस पार्कात आणि मग तोच मध्यरात्रीचा रस्ता. तो टाळायला दुसरी रात्र लागते. ‘आधी पार्क, मग खोली’ केलंत तर एकीत भागतं. पहाटे निघा, सामान डिकीत ठेवा, पार्क बंद होईपर्यंत थांबा, मग खोलीवर जाऊन आडवे व्हा, सकाळी नाश्ता करून निघा, जेवायला नाशिक. पण रिसॉर्टला ‘आम्ही रात्री नऊनंतर येतोय’ हे आदल्या दिवशी फोननं आणि लेखी, दोन्ही कळवा. नाही कळवलं तर संध्याकाळी तुमची नोंद ‘आलेच नाहीत’ अशी होते, खोली दुसऱ्याला जाते आणि रात्रही जळते. सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं एकाच पाकिटात ठेवा. स्वयंपाकघर साधारण साडेदहाला बंद होतं, तेव्हा जेवण सांगून ठेवा. मेंबर स्वतः येत नसेल तर पाहुण्याचं पत्र आणि त्याचे पैसे किती, ते आधी विचारा.

खोली लहानच घ्या. तुम्ही तिथे झोपायला जाताय. स्वयंपाकघरासह एक बेडरूमचा फ्लॅट सात दिवस एका जागी राहणाऱ्याला उपयोगी. एका रात्रीसाठी तिथे कोण पोळ्या लाटणार? स्टुडिओत साधारण दोन मोठे आणि दोन लहान बसतात. त्यावर आजी-आजोबा आले की जादा गादीचे पैसे, काही ठिकाणी साफ नकार. हा आकडाही करारात लिहिलेला असतो.

जागेबद्दल एक. ‘आमचं नाशिकजवळच आहे की’ म्हणून हतगड दाखवतात. सापुताऱ्याजवळचं हतगड सुंदर आहे, पण ते खोपोलीच्या बरोब्बर उलट दिशेला! तुम्हाला हवं ते कर्जत-खोपोली-लोणावळा पट्ट्यातलं. त्यातही लोणावळ्यात मुक्काम म्हणजे रोज बोरघाट. शनिवारी सकाळी घाटाची चढती बाजू तुंबलेली असते, पण तुम्ही उतरत असता, तेव्हा निभतं. रविवारी संध्याकाळी उतरती बाजू तुंबते, आणि नेमके तेव्हाच तुम्ही घरी निघालेले असता.

राहिलेल्या मुद्द्यांना भराभर.

व्याज. धरायचं तर धरा. चार लाखांवर सात टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे २८,००० होतात, म्हणजे सात रात्रींमागे ४,००० चढले. पण असा हिशोब दारातल्या गाडीवर आणि भिंतीवरच्या टीव्हीवरही लावा की! शिवाय नवीन घ्याच असं मी म्हटलेलं नाही. सेकंड हँड घ्या, हे लेखात आहे. ज्यांची मुलं मोठी झाली असे मेंबर उरलेली वर्षं पुष्कळ कमी पैशांत सोडतात, आणि रक्कमच लहान असली की तुमचं व्याजही लहान. घेताना पाच गोष्टी बघायच्या: किती वर्षं उरलीत, मागची वर्गणी पूर्ण भरल्याची पावती, कंपनीची एनओसी आणि ट्रान्सफर फी, सीझन व खोलीचा प्रकार जसाच्या तसा येतो का, आणि दुसऱ्या रिसॉर्टशी अदलाबदलीचा हक्क नव्या मालकाला मिळतो की पहिल्याबरोबरच संपतो. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग रडतात.

शनिवार. शनिवारी जाताच कशाला? आधीच पार्क गच्च, वरून बऱ्याच योजनांत शुक्रवार-शनिवार जोडीनंच घ्यावे लागतात किंवा, रात्रींऐवजी पॉइंट देणारी योजना असेल तर, त्यांना जास्त पॉइंट लागतात. रविवारची रात्र घ्या. वीकेंडवाले रविवारी सकाळी दहाला खोल्या सोडतात, त्यामुळे त्या रात्री जागा असते. रविवारी दुपारी नाशिक सोडा, रात्री झोपा, सोमवारी गेट उघडताना आत. सोमवारी रांगा छोट्या, त्यामुळे शेवटच्या तासाची गरज नाही. चारला निघालात तर नऊपर्यंत घरी. शाळेचा एक दिवस बुडतो. तो बुडवायचा नसेल तर टाइमशेअर तुमच्यासाठी नाही, आणि यात मी काही करू शकत नाही. हो, सोमवार सणाला जोडून आला असेल तर तो सोमवार नव्हे, तो तिसरा रविवार.

सीझनचे रंग. ‘अर्धवट’ म्हणालात, पण काय राहिलं ते सांगितलं नाहीत. क्लब महिंद्राच्या योजनेत वर्षातल्या दिवसांना मागणीप्रमाणे जांभळा, लाल, पांढरा, निळा असे चार रंग दिलेले आहेत, जांभळा सर्वांत वरचा. वरच्या रंगाचा मेंबर खालच्या रंगाच्या दिवसांत जाऊ शकतो, उलटं जमत नाही. दिवाळी-मे सोडून मधल्या दिवसांत फेऱ्या करणाऱ्यानं जांभळ्याचे पैसे भरू नयेत. झालं का पूर्ण?

आता तुमच्या भावाचं डिस्ने. ‘असले नियम नसतात’ हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. डिस्ने व्हेकेशन क्लब १९९१ चा, आणि त्याचा पायाच नियमांवर आहे. तिथे आठवडा नसतो, पॉइंट असतात. ज्या रिसॉर्टचे पॉइंट घेतले ते तुमचं ‘होम’. तिथलं बुकिंग ११ महिने आधी उघडतं, बाकी रिसॉर्टांचं ७ महिने आधी. रविवार ते गुरुवारच्या रात्रींना कमी पॉइंट, शुक्रवार-शनिवारला जास्त. वर आपण बोललो तोच शनिवार, फ्लोरिडातही! एका वर्षाचे पॉइंट पुढच्या वर्षात ठेवता येतात, पुढच्या वर्षाचे उसने घेता येतात, पण दोन्हींना मुदती आहेत. आठ रात्रींपेक्षा कमी राहिलात तर खोलीची पूर्ण सफाई होत नाही. चौथ्या दिवशी कचरा उचलतात आणि टॉवेल बदलतात, बस. पार्कचं तिकीट मेंबरशिपमध्ये येत नाही. आणि मालकी कायमची नाही. जुन्या रिसॉर्टांपैकी बऱ्याचशांची मुदत २०४२ मध्ये संपते.

छोट्या फेऱ्यांसाठी ही पद्धत आपल्याकडच्या सात रात्रींपेक्षा सोयीची आहे, यात वाद नाही, कारण एकेक रात्र वेगळी घेता येते. मी लेखभर जे सांगत होते त्याचाच हा पुरावा, आणि तो तुम्ही माझ्याविरुद्ध दिलात! फ्लोरिडाच्या कायद्यात सही केल्यावर १० दिवसांत करार रद्द करायचा हक्क आहे. आपल्याकडे ती मुदत करारात शोधावी लागते, म्हणून ‘आजच सही केलीत तर कूपन’ म्हणणाऱ्यासमोर पेन खिशातच ठेवायचं. सही होऊन गेली आणि फसवणूक वाटली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. नाशिककरानं मुंबई-चेन्नईला खेटे घालायचं कारण नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

तुमच्या भावाचं होम रिसॉर्ट कोणतं, वर्षाला किती पॉइंट आणि करार कोणत्या साली संपतो, एवढं विचारून खाली लिहा. त्यांच्या एका रात्रीचा भाव मी काढून देते, फी न घेता. फक्त या वेळी लंडनला मध्ये आणू नका.